गंगापूरच्या पाण्यावर नाना

पहिला दिवस

नाना, माझे वडील, एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. गोदावरीच्या डाव्या कालव्यावर चौकीदार म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. अख्खं आयुष्य पाण्याच्या कडेला गेलं, पण बोटीत ते कधी बसले नव्हते. हे मला गेल्या दिवाळीत कळलं. अंगणात बसून बोलता बोलता म्हणाले, "गंगापूरचं पाणी सुटलं असा निरोप यायचा, की आम्ही इकडं तयारीला लागायचो. ते धरण मी बांधावरनं दोनदा बघितलंय. आतून कधीच नाही." नाना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी तेव्हाच ठरवलं, की जानेवारीत, धरण भरलेलं असतानाच, त्यांना पाण्यावर न्यायचं.

भाऊ निफाडहून नानांना आणि त्याच्या लेकीला, माझ्या भाचीला, सकाळी नाशिकला सोडून गेला. त्याला थांबायला वेळ नव्हता. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते पिकायला लागायच्या, बेतात आणि थंडी वाढत चाललेली, अशात बागाईतदार घरी थांबत नाही.

नानांची इच्छा होती की आधी त्र्यंबकला जाऊ. "नदीला भेटायचं तर उगमापासून," म्हणाले. त्र्यंबक रस्त्याला लागलो आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. पौष वद्य एकादशी तोंडावर आली होती, निवृत्तिनाथांची यात्रा. रस्त्याच्या कडेने दिंड्याच दिंड्या. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, बायकांच्या डोक्यावर तुळस, आणि टाळांचा आवाज वाऱ्यावर मागेपुढे होणारा. एका वस्तीपाशी चुलीवर मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता आणि एक पोरगा येईल त्या वारकऱ्याच्या हातात कप देत होता. नाना गाडीतून उतरले, एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पाया पडले आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायले. दोघांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही. दोघेही पावसाबद्दलच बोलत असावेत.

त्र्यंबकला कुशावर्तावर हातपाय धुतले. गावात गोदावरी बऱ्याच ठिकाणी स्लॅबखालून वाहते, दिसतच नाही. नानांना ते फार लागलं. पुलाच्या कठड्याला धरून ते खाली वाकून बघत राहिले. मलाही दर वेळी तिथे तसंच होतं. ज्या नदीवर आपण जगतो ती तिच्या जन्मगावात झाकून ठेवावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

भाचीने विचारलं, "आजोबा, समुद्र इथून किती लांब?" अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. पण गोदावरी तिकडे पाठ करते आणि आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत १,४६५ किलोमीटर चालते. याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि लवकर समुद्र गाठते. नाना ब्रह्मगिरीकडे बोट करून म्हणाले, "डोंगराच्या कोणत्या अंगाला थेंब पडला, एवढ्यावर सगळं."

रात्री शेंगोळे केले. कुळथाचे, लसूण जास्त घालून. थंडीत त्याला तोड नाही.

दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला उठले तर खिडकीच्या काचा आतून ओल्या झालेल्या आणि बाहेर वारा सुटलेला. नाशिककरांना थंडीचं कौतुक आहे, पण आपली नेहमीची थंडी निवांत असते. दव, थोडं धुकं, टपरीवर शेकोटी. वाऱ्याची थंडी निराळी. ती कपड्यांच्या शिवणीतून आत शिरते. भावाचा फोन आला, निफाडला पारा पाचाच्या आसपास उतरलाय आणि रात्रभर झोप नाही. "नानांना नीट गुंडाळून ने," एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

नानांनी स्वेटरवर नोकरीतला खाकी कोट चढवला. कोपरावर ठिगळ असलेला तो कोट आईने दोनदा बोहारणीला द्यायला काढला होता आणि दोन्ही वेळा नानांनी परत आणला होता. त्यावर कानटोपी, त्यावर मफलर. गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकलं. वाटेत एका ठिकाणी चुलीवरची मिसळ खाल्ली. ताटलीतली तर्री तोंडाशी येईपर्यंत निवत होती.

बोट क्लबवर आम्ही तिघंच. सुटीचा दिवस नव्हता, आणि अशा वाऱ्यात हौसेने कोण येणार? बोटी दोरांना हिसके देत होत्या. पाणी निळं नव्हतं, शिशासारखं करडं होतं आणि त्यावर पांढऱ्या कडांच्या आखूड लाटा. बोटवाले दादा पाण्याकडे बघून म्हणाले, "काका, जरा थांबू. वारा एकसारखा झाला तर जाऊ, असेच झटके मारत राहिला तर नाही." मला वाटलं नाना हिरमुसतील. ते उलट खुश झाले. मला म्हणाले, "माणूस चांगलाय. पाण्याला घाईनं हात घालत नाही."

तास-दीड तास पत्र्याच्या शेडखाली बसलो. तेवढ्यात नानांनी भाचीला कालव्याचा कारभार समजावला. मी लहानपणापासून त्या घरात वाढले, पण तो असा सलग मी पहिल्यांदाच ऐकला. शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरायचा, किती एकर, कोणतं पीक. मग आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी, ठरायचं. चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी सुटलं की शेजपाळी, म्हणजे एकाचं भिजलं की लगतच्या शेजाऱ्याची पाळी, मध्येच कुणाला उडी मारता येणार नाही. "चारीच्या शेवटाला ज्याचं शेत असतं त्याचं तोंड बघवत नाही गं," नाना म्हणाले. "वरची माणसं पाणी तोडतात, खाली पोचतच नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन मी चारीनं चालत जायचो. पाणी टेलपर्यंत गेलं का ते आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोप यायची नाही." भाचीने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटायची?" "सापाची वाटायची," ते म्हणाले, "आणि माणसांची त्याहून जास्त."

दहाच्या सुमाराला वारा एकाच दिशेने, ईशान्येकडून, स्थिरावला. दादांनी मान हलवली. लाइफ जॅकेट आली. नानांच्या खाकी कोटावर ते बसेना. भाचीने पट्टे सगळे सैल केले आणि खाली गुडघ्यावर बसून एकेक क्लिप लावली. नाना हात वर करून, लहान मुलाला स्वेटर घालतात तसे, गप्प उभे होते.

दादांनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्याला इंजिन निळा धूर सोडून धडधडलं. "आधी एवढं आडवं पार करू," दादा ओरडून म्हणाले. "पलीकडच्या काठाच्या आडोशाला लागलो की वारा डोक्यावरनं जाईल."

पहिली दहा मिनिटं कठीण होती. वारा जेवढं मोकळं पाणी ओलांडून येतो तेवढी लाट मोठी होते, आणि आम्ही वाऱ्याच्या शेवटच्या टोकाला, खालच्या काठावर होतो. बोट लाटेवर सरळ न घालता दादा तिरकी घालत होते. नाक उचलायचं, आपटायचं, आणि पाण्याचा शिडकावा बर्फाच्या खड्यांसारखा तोंडावर. माझे हात बाकाच्या कडेला आवळलेले. भाची माझ्या कुशीत तोंड खुपसून. मी नानांकडे बघितलं. ते ताठ बसले होते, डोळे वाऱ्याने पाणावलेले, आणि मागे, ज्या बाजूला धरणाचा बांध होता, तिकडे बघत होते. जवळजवळ चार किलोमीटर लांबीची ती मातीची भिंत, १९६५ साली पुरी झालेली. तिच्यावर उभं राहिलं की ती रस्त्यासारखी वाटते. पाण्यातून ती कळते. क्षितिजावर आखलेली एक सरळ रेघ, आणि एवढं सगळं पाणी तिला टेकून उभं.

"किती टक्के आहे आत्ता?" नानांनी विचारलं.

"नव्वदच्या पुढंमागं असंल, काका."

नाना तोंडातल्या तोंडात हिशेब करू लागले. गंगापूरची साठवण ५.६३ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे आत्ता पाच. नाशिक शहर पितं ते बरंचसं यातलं. शेतीची आवर्तनं यातली. आणि खाली पैठणला जायकवाडी, १०२ टीएमसीची, अशी अठरा गंगापूर मावतील एवढी. पाऊस कमी झाला की नाशिकने खाली किती पाणी सोडायचं यावरून दर वेळी वाद पेटतो, मोर्चे निघतात, कोर्टापर्यंत जातं. आम्हा निफाडकरांची त्यावर ठाम मतं आहेत, माझीही आहेत. पण नाना तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडंही चारीच्या शेवटाला कुणीतरी उभा असतोच." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पलीकडचा काठ जवळ आला आणि कुणीतरी दार लावून घ्यावं तसा वारा थांबला. डोंगराच्या उताराआड पाणी गुळगुळीत होतं. दादांनी इंजिन हळू केलं. आता काठाकाठाने निघालो, पश्चिमेकडे, समोर अंजनेरी आणि त्याच्या मागे ब्रह्मगिरी. काल ज्याच्या पायथ्याशी उभे होतो तो डोंगर आज पाण्याच्या टोकाला. काठावर शेकोटीचा धूर, एक बाई कपडे आपटत होती, बाभळीवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. कवड्या खंड्या एका जागी हवेत थरथरत थांबला आणि दगडासारखा खाली पडला. भाचीने आता डोकं बाहेर काढलं होतं.

मग नानांनी हातमोजा काढला आणि हात पाण्यात सोडला. मी ओरडणारच होते. ते म्हणाले, "अगं, हात घालून बघ. ऊन आहे."

खरंच, पाणी कोमट वाटत होतं. हवा एवढी गार की तिच्यापुढे पाणी उबदार. दिवसभराचं ऊन पाण्याने पोटात धरून ठेवलेलं असतं, ते हवेसारखं एका रात्रीत निवत नाही. थंडीच्या पहाटे बागाईतदार ठिबक सुरू करतात ते याचसाठी, विहिरीचं पाणी मातीला तेवढीच ऊब देतं. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बाहेर दात वाजत असताना मनगटापर्यंत त्या उबेत हात असणं वेगळं. आम्ही तिघांनीही हात सोडले आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. बोटांमधून पाणी सरकत होतं. नाना मध्येच मूठ मिटत होते, उघडत होते.

परतीला मधल्या मोकळ्या पाण्यात आलो आणि इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. दादांनी ते लगेच बंद केलं. पंख्यात जाळं गुंतलं होतं. लाटांमध्ये जाळ्याची बोयरी, पाण्यावर तरंगणारी खूण, दिसलीच नव्हती, त्यात कुणाची चूक नव्हती. पण इंजिन बंद झालं की बोट वाऱ्याची होते. ती आडवी फिरली आणि लाटा बाजूने येऊन आदळू लागल्या. एक लाट सरळ आत आली. "खाली बसा सगळे, बाकावर नको, खाली," दादा म्हणाले. भाची रडायला लागली. मी तिला धरून ओल्या फळीवर बसले आणि खरं सांगते, मला नानांना तिथे आणल्याचा पश्चात्ताप झाला.

नानांनी बोटीतला बांबू मागितला. "तुम्ही जाळं काढा, नाक मी धरतो." बांबूला तळ लागेना, तेव्हा त्यांनी तो वल्ह्यासारखा धरून, गुडघे टेकून, बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवायला सुरुवात केली. ते पूर्ण वळलं नाही, पण लाटा बाजूऐवजी तिरक्या येऊ लागल्या, तेवढंही पुरलं. दादांनी इंजिन वर उचललं. पंख्याभोवती नायलॉनचा धागा दोऱ्याच्या रिळासारखा गच्च आवळला होता. जवळ सुरी होती. एक काप आणि दोन मिनिटांत मोकळं झालं असतं. ते धागा उकलत बसले. पंखा हाताने उलटा फिरवायचा, एक वेढा सोडवायचा, पुन्हा फिरवायचा. बोटं निळसर पडली होती, मध्येच ती काखेत धरून ऊब घेत होते.

मी म्हटलं, "दादा, कापा ना."

"ताई, जाळं कुणाचं तरी आहे. आमच्या घरात पण जाळीच आहेत."

शेवटी दोन वेढे कापावेच लागले, उरलेलं जाळं त्यांनी नीट पसरून परत पाण्यात सोडलं. तोवर वाऱ्याने आम्हाला आमच्याच काठाकडे बरंच आणून सोडलं होतं. नानांचा बांबू एकदम थांबला. "लागला," ते म्हणाले. ओली खूण बघून, "आठ फूट." इंजिन सुरू झालं.

किनाऱ्यावर उतरताना नानांनी दादांना दोन्ही हातांनी नमस्कार केला. दादा ओशाळले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. शेडपाशी शेकोटी पेटवलेली होती. तिथे बसून तीन तीन कप चहा प्यायलो. खाकी कोटातून वाफा निघत होत्या.

तिसरा दिवस

रात्रीच निफाडला आलो होतो. पहाटे चारला भावाच्या मागोमाग मीही बागेत गेले. बांधावर ठिकठिकाणी पालापाचोळा आणि लाकडं रचून शेकोट्या पेटवलेल्या. जाळ नको असतो, धूर हवा असतो, तो वेलींच्या मांडवाखाली रेंगाळला पाहिजे. शेजारच्या बागांमध्येही तसेच लाल ठिपके. भाऊ बॅटरीच्या उजेडात घड हातात घेऊन मणी तपासत होता. कडाक्यात मण्यांची फुगवण थांबते, तडेही जातात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची मेहनत शेवटच्या महिन्यात हातची जाते. तो फारसं बोलला नाही. मी लाकडं टाकत राहिले.

ऊन आल्यावर नांदूरमध्यमेश्वरला गेलो. वारा पडला होता. गोदावरी आणि कादवा इथे एकत्र येतात, आणि त्यावरचा बंधारा शंभर वर्षांहून जुना. साठत गेलेल्या गाळाने बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरांना घर मिळालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच. कुणी पाखरांसाठी बांधलेलं नव्हतं. शेताला पाणी द्यायला अडवलं आणि हे झालं. खानगाव थडीच्या मनोऱ्यावरून बघितलं तर तलवार बदकं, थापटे, केशरी अंगाचे चक्रवाक, वेलींवरून चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. आणि काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी नावाचे पक्षी, शेकड्यांनी, थव्याने एका दिशेला पोहत चाललेले. भाचीने त्यांचं नाव ऐकलं आणि लगेच म्हणाली, "परवाच्या दिंडीसारखे."

नानांना मात्र बंधाऱ्यावर जायचं होतं. तिथूनच डावा कालवा निघतो, कोपरगावच्या दिशेने. रब्बीचं आवर्तन सुरू होतं, कालवा भरून वाहत होता. कठड्याशी उभे राहून त्यांनी आधी वर, नदीच्या अंगाला बघितलं. काल ज्या पाण्यात हात घातला होता ते इकडेच यायचं. मग खाली, भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीकडे. डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी आकडा वाचला, मोठ्याने, जणू कुणीतरी वहीत लिहून घेणार आहे. सवयीने हात कोटाच्या वरच्या खिशाकडे गेला.

भाचीने दप्तरातला पेन काढून झाकण उघडलं. "सांगा आजोबा, परत सांगा."